अध्यक्षांचा पाव्हणा

म्हस्कू कोळप्याला तुम्ही किती ओळखत होता, असं कुणी विचारलं असतं तर ज्योतिबा शिंप्याला धड उत्तर देता आलं नसतं. एका मंडळात दोघांनी उमेदीची वर्षं घालवली. म्हस्कू अध्यक्ष, ज्योतिबा चिटणीस. म्हस्कूच्या बंडीचं माप ज्योतिबाला टेप न लावता सांगता यायचं. त्याला चहात साखर किती लागते, तंबाखूची गोळी तो कुठल्या गालात धरतो, हेही ठाऊक होतं. पण त्या बंडीच्या आत काय चाललेलं असतं, याचा पत्ता त्याला शेवटपर्यंत लागला नाही. म्हस्कू गेल्यावर तळेगावच्या बाजारात लोक त्याच्या गोष्टी तिखटमीठ लावून सांगायचे, तेव्हा ज्योतिबा मशीनवर वाकून नुसता ऐकत राहायचा. त्याच्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट होती, आणि तिच्यातलाही महत्त्वाचा भाग त्याला नक्की माहीत नव्हता. म्हणून तो ती कधी सांगत नसे.

मंडळाचं नाव होतं नवजवान शेतकरी युवक मंडळ. त्यात नवजवान थोडे होते, शेतकरी त्यांचे वडील होते आणि मंडळ म्हणजे सोसायटीच्या गोदामाला लागलेली एक खोली आणि तिच्यातला कॅरम बोर्ड. तळेगाव ढमढेऱ्याच्या पलीकडच्या त्या वाडीत दोन भावक्या होत्या. एका भावकीतला अध्यक्ष झाला तर दुसरी भावकी खोलीला कुलूप घालणार, हे ठरलेलं. तेव्हा दोन्ही भावक्यांनी मिळून म्हस्कूला अध्यक्ष केला. तो धनगर वस्तीवरचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आपल्याला खुर्चीवर बसवलंय ते खुर्ची रिकामी राहू नये म्हणून, हे म्हस्कूलाही कळत होतं. तो ज्योतिबाला म्हणायचा, "चिटणीस, बुजगावण्याला बी पगार नसतोय. पर त्याला निदान जुना सदरा तरी मिळतो."

युवक मंडळाच्या सभासदाचं वय पस्तिसाच्या आत असावं, असा नियम होता. म्हस्कूचं वय कुणालाच माहीत नव्हतं, पण त्याच्या थोरल्या मुलीचा मुलगा सभेत त्याच्या मांडीवर बसलेला असायचा. जिल्ह्याहून तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा त्या नातवाकडे आणि त्याच्या आजोबांकडे आळीपाळीनं पाहिलं. साहेबांना त्या वर्षी मंडळांचा आकडा पुरा करायचा होता. त्यांनी अध्यक्षांच्या नावापुढं चौतीस लिहिलं आणि चहा मागवला. पुढं दर वर्षी तेच चौतीस खाली उतरत गेलं. म्हस्कूचे केस पांढरे झाले, पण कागदावर त्याला पस्तिसावं कधी लागलं नाही.

शहाण्णव साली मंडळाला एक योजना मिळाली. तरुणांनी जनावरं पाळून दाखवायची, वर्षभर त्यांची वाढ बघायची आणि उन्हाळ्यात दौंडकडच्या शिबिरात ती प्रदर्शनाला आणायची. मंडळाच्या वाट्याला कोंबडीची पिल्लं, एक शेळी आणि मेंढीचं एक कोकरू आलं. कोंबड्या मोठ्या होत गेल्या तशी मंडळाची आढावा बैठक आठवड्याला व्हायला लागली. प्रत्येक बैठकीला एक-दोन कोंबड्या कमी व्हायच्या आणि इतिवृत्तात 'मानमोडी रोगाने दगावली' असं लिहिलं जायचं. लिहायचं काम ज्योतिबाचं. त्याला एवढीच शंका यायची, की मानमोडीच्या कोंबडीला इतकं खोबरं कशाला लागतं. शेळी कुणीतरी पळवली. कुणी पळवली हे सगळ्यांना माहीत होतं, कारण रस्सा सगळ्यांनीच खाल्ला होता.

कोकरू तेवढं वाचलं. ते म्हस्कूच्या वस्तीवर होतं आणि वस्तीवरची कुत्री मंडळाच्या सभासदांना चांगली ओळखत होती.

म्हस्कूच्या बापाचा मोठा वाडा होता मेंढरांचा. पुढं कालव्याचं पाणी आलं, जमीन भिजली, ऊस उभा राहिला आणि म्हस्कूनं मेंढरं विकून टाकली. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, असं तो म्हणायचा. मेंढरामागं हिंडून पायाला नुसती कुरपं होतात. पण योजनेतलं ते कोकरू पोत्यात घालून त्यानं घरी आणलं, तेव्हा त्याच्या बायकोनं, रतनबाईनं, कोपऱ्यातलं वीस वर्षं न वापरलेलं मेंढराचं दावं काढलं आणि पदरानं पुसलं. कोकरू सरकारचं, आज ना उद्या जायचं, म्हणून तिनं त्याचं नाव ठेवलं पाव्हणा. पाव्हणा बाटलीनं दूध प्यायला, मग भाकरी खायला लागला आणि वर्षाच्या आत त्याचा असा मेंढा झाला, की बांधावरून चालताना समोरचा माणूस आपण होऊन खाली उतरायचा.

इथवर सगळं ठीक होतं. घोळ घातला तो खजिनदारानं.

खजिनदार संपत. थोरल्या भावकीतला, विहिरीवर बागायत असलेला, राजदूतवर फिरणारा. त्याचा देवाधर्मावर आणि मटणावर सारखाच जीव. मंडळाला बक्षीस मिळालं तर त्याचा फोटो तालुक्याच्या पेपरात येणार होता आणि पंचायतीची निवडणूक पुढच्याच वर्षी होती. एका रविवारी तो सगळ्यांना घेऊन ओढ्याकाठच्या म्हसोबाला गेला. अध्यक्ष म्हणून नारळ म्हस्कूच्या हातात दिला आणि स्वतः हात जोडून मोठ्यानं बोलला, "म्हसोबा, शिबिरात मंडळाचा पयला नंबर येऊ दे. मंडळाचा मेंढा तुला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हस्कूनंही डोलावली. नारळ हातात, तोंडात तंबाखू, बाकी काय करणार? शिवाय मेंढपाळाच्या पोरानं एका मेंढ्यासाठी 'न्हाई' म्हणायचं, तर लोक हसले असते. त्याच्या बापजाद्यांनी खाटकांना मेंढरं विकूनच लेकरं वाढवली होती. घरी येऊन त्यानं रतनबाईला सांगितलं. ती चुलीपुढनं उठलीच नाही. एवढंच म्हणाली, "पाव्हण्याला जेवाय बसिवत्यात, का पाव्हण्यालाच खात्यात?" आणि मग दोन दिवस बोलली नाही. हे ज्योतिबाला म्हस्कूनंच सांगितलं. म्हस्कूनं घरातलं काही सांगितलं, असं ते पहिल्यांदाच आणि शेवटचंच.

तर अशी अडचण होती. मंडळ हरलं तर पाव्हणा जगणार होता. मंडळ जिंकलं तर मंडळाचा जयजयकार आणि पाव्हण्याचा रस्सा. आणि जिंकण्यासाठी झटायचं कुणी, तर अध्यक्षानं.

त्या दिवसापासून म्हस्कू पाव्हण्याला रोज आंघोळ घालायला लागला. धनगर लोक मेंढरं धुतात ती लोकर कातरायच्या आधी, वर्षाकाठी एकदा-दोनदा. रोज धुतलेला मेंढा वाडीनं कधी पाहिला नव्हता. संपत म्हणायचा, अध्यक्ष स्वतः तर बाजाराच्या दिवशीच आंघोळ करतात आणि मेंढ्याला रोज. म्हस्कू म्हणायचा, शिबिरात नंबर काढायचा तर जनावर स्वच्छ नको का? संपतला ते पटलं. त्यानं आनंदानं साबणाची वडी आणून दिली.

ज्योतिबाचं दुकान कालव्याच्या पुलाजवळ होतं. मशीनवरून त्याला रोज सकाळी ते दोघं दिसायचे. म्हस्कू साबण कधी लावत नसे. तांब्यानं पाठीवर पाणी सोडायचा आणि थांबायचा. पाव्हण्यानं अंग थरथरवून पाणी उडवलं, की पुन्हा सोडायचा. पुन्हा थांबायचा. मग पाव्हणा गप्प उभा राहिला, की खिशातून भाकरीचा तुकडा काढून त्याच्या तोंडात द्यायचा. ज्योतिबाला वाटलं, म्हातारपणी माणसाला असे छंद लागतात. तो काज करण्यात गुंतलेला असायचा. फार विचार केला नाही.

मे महिन्यात शिबिर आलं. दौंडकडच्या एका हायस्कुलाचं मैदान, जवळ भीमा नदी, तिच्यात पाणी कमी आणि वाळूचे ट्रॅक्टर जास्त. ज्योतिबानं मंडळाचा कापडी फलक शिवला होता, त्याच्या दोन टोकांना दोन भावक्यांचा एकेक माणूस धरायला, म्हणजे वाद नको. शिबिराचं सगळं एका छापील पुस्तकाप्रमाणं चालायचं. ते पुस्तक कुठल्यातरी थंड हवेच्या ठिकाणी बसून लिहिलेलं असावं. त्यात रोज संध्याकाळी शेकोटी होती. दौंडच्या मे महिन्यात मैदानाच्या मधोमध ओंडके पेटवले जायचे आणि तरुण त्या जाळापासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब, कुंपणाला पाठ लावून देशभक्तीपर गीतं म्हणायचे. शेकोटी बिचारी एकटीच जळायची.

तंबू पुण्याहून आले होते. त्यांच्यात दुपारी उभं राहवत नसे. म्हणून शिबिरार्थी लिंबाखाली झोपले आणि तंबूंच्या कनाती वर गुंडाळून, सावली म्हणून, त्यांत जनावरं बांधली. पाहणीला आलेल्या पाहुण्यांनी तंबूत डोकं घातलं, तर आत एक गाभण म्हैस रवंथ करत होती. पाहुणे म्हणाले, शिस्त चांगली आहे.

सकाळी श्रमदान. खतखड्डा खणायचा. दौंडकडचा एक जाणता शिबिरार्थी म्हणाला, खणा बिनधास्त, माती मऊ हाय, मागच्या साली आमीच खणला व्हता आन् पावसाळ्यात बुजवला. दुपारी व्याख्यान. 'युवकांनो, जागे व्हा' या विषयावर वक्ते बोलत असताना सगळा मंडप झोपला होता. जागा होता एकटा म्हस्कू. शेजारच्या ज्योतिबाला मधेच जाग आली, तेव्हा त्यानं पाहिलं. म्हस्कूची नजर वक्त्यावर नव्हती, पलीकडच्या तंबूत उभ्या असलेल्या पाव्हण्यावर होती.

शेवटच्या दिवशी प्रदर्शन. परीक्षक होते जनावरांचे एक डॉक्टर, वयस्कर, घामानं भिजलेले. प्रत्येक मंडळाचा तरुण पुढं येऊन आपल्या जनावराला काय खायला घालतो ते सांगायचा. सगळ्यांनी माहितीपत्रक पाठ केलं होतं. त्यामुळं शेळी असो, वासरू असो, सगळी जनावरं सारखाच संतुलित आहार खात होती. म्हस्कूची पाळी आली. डॉक्टरांनी विचारलं, "यात काही खास?"

"न्हाई साहेब," म्हस्कू म्हणाला. "पाय वाकडं हायती. लोकर भरड हाय. टकुऱ्यानं मारतोय. योजनेतली पेंड याच्या पोटात गेलीच न्हाई, ती खजिनदाराच्या म्हशीनं खाल्ली. याला नंबर दिला तर बाकीच्यांव अन्याव व्हईल."

मागं उभ्या असलेल्या संपतचा चेहरा साबणाच्या वडीसारखा पांढरा पडला. डॉक्टरांनी चष्म्यावरून म्हस्कूकडे पाहिलं. दिवसभरात पत्रक न म्हणणारा हा पहिलाच माणूस होता. त्यांनी 'प्रांजळपणा' असा नवीन रकाना पाडला आणि त्यात पैकीच्या पैकी गुण दिले.

अर्थात त्या गुणांचा काही उपयोग नव्हता. ज्योतिबा पाणी प्यायला टाकीजवळ गेला होता, तेव्हा जीपच्या सावलीत शिबिर समितीचे चेअरमन आणि दोघंतिघं उभे होते. चेअरमननं विचारलं, यंदा पाळी कुणाची? कुणीतरी म्हणालं, गेल्या साली दौंडला दिला, यंदा शिरूर. मग शिरूरमधलं कोण? मागच्या टायमाला नाराज झालेली ती वाडी, दोन भावक्यांची. झालं. पहिला नंबर जाहीर झाला. संपतनं म्हस्कूला उचलून खांद्यावर घेतला. वरती बसलेला म्हस्कू असा दिसत होता, जणू त्यालाच कुणीतरी म्हसोबाला नवसात बोललंय. पेपरच्या फोटोत संपत हसतोय, ज्योतिबाचा फलक उलटा धरलाय आणि पाव्हणा हार खातोय.

पुढच्या रविवारी नवस फेडायचं ठरलं. योजनेचे साहेब म्हणाले होते, विजेता मेंढा पैदाशीसाठी ठेवायचा असतो. संपत म्हणाला, साहेब शिरूरला असतात, म्हसोबा इथं ओढ्यावर असतो. दुसरा एखादा मेंढा आणून कापावा, असं ज्योतिबाच्या मनात होतं. सभेत ते बोलायला त्याची जीभ उचलली नाही. कुणीतरी बोललं, तर संपत म्हणाला, शब्द दिलाय तो मंडळाच्या मेंढ्याचा, बाजारातल्या न्हाई.

म्हसोबापुढं चुली पेटल्या. दोन्ही भावक्यांनी बऱ्याच वर्षांनी एका पाट्यावर मसाला वाटला. विधीला म्हाळूआबा होते. वाडीतलं देवाचं सगळं तेच करत. म्हस्कू पाव्हण्याला घेऊन आला. कपाळाला भंडारा लावला. गळ्यात हार घातला, तो पाव्हण्यानं खाल्ला. मग म्हाळूआबांनी त्याच्या पाठीवर पाणी शिंपडलं आणि सगळे बघत थांबले. जनावरानं अंग झाडलं, की देवानं ते मान्य केलं. अंग झाडल्याबिगर सुरी लागत नाही, ही पिढ्यांची रीत.

पाव्हणा उभा राहिला. शेपटीसुद्धा हलली नाही.

म्हाळूआबांनी पुन्हा शिंपडलं. मग तांब्या ओतला. पाव्हणा रवंथ करायला लागला. बघे पुढं सरकले. संपतनं बादली आणवली. बादलीभर पाणी पाठीवरून निथळलं, तर पाव्हण्यानं मान वळवली आणि म्हस्कूच्या खिशाला तोंड लावलं. म्हस्कूनं खिशावर हात ठेवला.

"मामा, याला काय करून आनलाय?" संपत म्हणाला. "हालंना का?"

"मी काय करनार? देवाम्होरं गेल्यावर जनावर माझं ऱ्हातंय व्हय?"

संपतनं खाली बसून पाव्हण्याच्या कानात फुंकर मारली. म्हाळूआबा कडाडले नाहीत, पण काठी संपतच्या पाठीवर हलकेच टेकवून म्हणाले, "देवाच्या कामात फुंकर मारू नगंस, लेका. त्याला हवा असंल तर तो घील."

दुपार कलली. कालव्यावरून घागरी येत राहिल्या. म्हसोबाभोवती असा चिखल झाला, की दोन पोरं घसरून पडली. प्रत्येक तांब्याला ज्योतिबाला काहीतरी आठवत होतं. पुलाजवळचं. थांबणं, पुन्हा ओतणं, भाकरीचा तुकडा. त्यानं म्हस्कूकडे पाहिलं. म्हस्कू दावं धरून उभा होता. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. तो देवाची प्रार्थना करत होता, की पाव्हण्याची, की क्षमा मागत होता, हे त्या चेहऱ्यावरून कळेना. ज्योतिबानं नजर खाली घातली आणि आपल्या चपलेचा चिखल काढत बसला.

दिवस मावळतीला म्हाळूआबांनी निकाल दिला. देवानं घेतला नाही. आणि देवानं नाकारलेलं जनावर माणसानं खायचं नाही. "आता ह्यो म्हसोबाचा झाला. मोकळा सोडा. कुनी बांधायचा न्हाई, कुनी हानायचा न्हाई."

त्या संध्याकाळी वाडीनं मटणाच्या मसाल्यात वांगी खाल्ली. वांगी संपतच्या शेतातली होती, कारण त्याचंच शेत जवळ होतं. वाढता वाढता कुणीतरी म्हणालं, अध्यक्ष, तुमच्या कारकिर्दीत एवढं शाकाहारी काम पयल्यांदाच झालं. म्हस्कूनं वांगंही खाल्लं नाही.

पुढची बरीच वर्षं पाव्हणा वाडीत देवासारखा हिंडला. त्याला बांधता येत नव्हतं आणि मारता येत नव्हतं. त्याला सगळ्यात जास्त आवडला तो संपतचा फ्लॉवर. संपत बांधावर उभा राहून हात जोडायचा, "म्हसोबा, पुढं सरका," म्हणून विनवायचा. म्हसोबा पुढचा गड्डा खाऊन मग पुढं सरकायचे. निवडणूक आली, तेव्हा संपत पंचायतीला पडला. लोक म्हणाले, देवानं ज्याचा मेंढा घेतला नाही, त्याला आम्ही मत कशाला द्यायचं.

म्हस्कूनं अध्यक्षपद सोडलं नाही, म्हणजे त्याला कुणी सोडू दिलं नाही. फक्त दोन गोष्टी बदलल्या. तो मटण खाईना. आणि दर रविवारी ओढ्यावर जाऊन म्हसोबापुढं एक नारळ ठेवायचा. हे उपकार फेडणं होतं, की दंड भरणं, ते ज्योतिबाला कळलं नाही. रतनबाईला कदाचित माहीत असावं. तिला विचारायचं धाडस त्याच्यात कुठून यायचं? तो म्हस्कूच्या बंडीचं माप घ्यायचा, 'मामा, बाह्या किती ठिवू?' विचारायचा आणि दुसरा प्रश्न जिभेवर येऊन परत जायचा.

पुढं शिक्रापूरला कारखाने वाढले. वाडीतले खरे तरुण तिकडं कामाला गेले, मंडळाच्या खोलीत परप्रांतातून आलेले कामगार भाड्यानं राहायला लागले आणि कॅरम त्यांच्याकडं गेला. पाव्हणा म्हातारा होऊन एका हिवाळ्यात म्हसोबाच्या ओट्याला टेकून मेला. म्हस्कूनं त्याला तिथंच पुरलं.

त्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी ज्योतिबा दोऱ्याची रिळं आणायला शिक्रापूरला गेला होता. चौकात ट्रकांची रांग लागली होती, धूळ उडत होती. रसवंतीच्या सावलीत म्हस्कू बसलेला दिसला. हातात डोळ्याच्या दवाखान्याची पिशवी. वाळला होता. ज्योतिबा शेजारी जाऊन बसला. दोघांनी रस मागवला. नातू आता पुण्यात कंपनीत आहे, असं म्हस्कूनं सांगितलं. ज्योतिबाला वाटलं, आज विचारावं. इथं ओळखीचं कुणी नाही. म्हाळूआबा गेले, संपत पुण्याला राहायला गेला, मेंढाही उरला नाही. आता विचारलं तर कुणाचं काय जाणार?

त्यानं पेला खाली ठेवला.

"मामा, एक इचारू का?"

म्हस्कूनं त्याच्याकडं वळून पाहिलं. एका डोळ्यात औषध घातलेलं होतं, तो पाण्यानं भरला होता.

"इचार की, चिटणीस."

ज्योतिबानं रस्त्याकडं पाहिलं.

"तळेगावची जीप गेली का?"

"आत्ताच गेली," म्हस्कू म्हणाला. "बस. दुसरी यील."